रॉटरडॅमच्या आधी तासगाव

सांगलीतील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा नेदरलँड्सचा अभ्यास दौरा म्हणजे पालकांच्या पैशाने केलेली सहल, हे काहींचे मत मला पटत नाही. मात्र पूर्वतयारी नसेल तर तसेच होईल, हेही खरे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या संजीवकाचा (रसायनाचा) तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडल्यामुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा तिकडचा नियम आपल्या बागेपर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे बागायतदारांना सोसूनच कळले. म्हणून मुलांनी आधी तासगावच्या एखाद्या पॅकहाउसमध्ये, म्हणजे द्राक्षे निवडून पेटीत भरण्याच्या केंद्रात, दिवसभर उभे राहावे, बायका कात्रीने घडातले खराब मणी कसे अलगद काढतात ते पाहावे, पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेचा माग कसा लागतो ते समजून घ्यावे आणि मगच रॉटरडॅम बंदर गाठावे. तिथून हेग अगदी जवळ आहे. भारतीय दूतावास तिथेच आहे आणि पाकिस्तानच्या कैदेतील भारतीय कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात वकिलातीच्या संपर्काचा हक्क मान्य करणारा १७ जुलै २०१९ चा निकाल देणारे आंतरराष्ट्रीय न्यायालयही तिथलेच. ॲमस्टरडॅममधील एक दिवस कमी करून तो हेगला द्यावा, अशी आयोजक प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे.