हिंजवडी सोडून राजापुरात पोट भरेल का? सल्ला हवा

कातळसडा :
नमस्कार मंडळी. वय 39, चौदा वर्षं आयटीत. बायको शाळेत शिकवते, मुलगा तिसरीत. राजापूर तालुक्यात आजोबांची पाच एकर जमीन आहे. निम्मा कातळ, उरलेल्यात काजूची जुनी झाडं. घर धड आहे, दरवर्षी गणपतीत उघडतो. गृहकर्ज फिटलंय, दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवलाय. डोक्यात काजू प्रक्रिया, होमस्टे आणि शेळीपालन घोळतंय. मार्चमध्ये बोनस हातात पडला की राजीनामा द्यावा म्हणतो. ‘बिनधास्त जा’ आणि ‘वेड लागलंय का’ ही दोन्ही उत्तरं घरीच ऐकून झालीत, तिसरं काही असेल तर सांगा.

सोलणीवाला :
कुडाळजवळ माझं छोटं युनिट आहे, सहावं वर्ष. त्याआधी मीही अंधेरीत लॅपटॉपच बडवत होतो.

काजूत कष्ट आहेतच, पण खरा घोळ पैसा अडकण्याचा. बी येते साधारण मार्च ते मे. युनिट वर्षभर चालवायचं तर वर्षाचा माल तेवढ्यात रोखीने उचलून, वाळवून साठवायचा. दिवाळीत जो गर विकणार त्याचे पैसे एप्रिलमध्येच मोजलेले असतात. शंभर किलो बीतून गर निघतो पंचवीसेक किलो, आणि त्यात अख्खा किती, पाकळी किती, तुकडा किती यावर सगळं गणित. पहिल्या वर्षी माझ्याकडे तुकड्याचाच ढीग. मशीनला शिव्या घातल्या, नंतर कळलं की वाफ देण्यातच चूक होत होती.

सोलायला बायका लागतात. जुलैत त्या म्हणाल्या, “लावणी आवरली की येतंव,” आणि तीन आठवडे मी एकटा ट्रेसमोर. तेव्हा चिडलो होतो. आता कामाचं वेळापत्रकच लावणीवर बेततो.

पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख असं अनुदान आहे, पण ते कर्जाशी जोडलेलं. रक्कम बँकेतच तीन वर्षं राखून ठेवतात, हातात पडत नाही. सध्याची स्थिती कृषी कार्यालयात विचारून घ्या, पण अनुदान धरून धंदा मांडू नका. तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या हंगामात एकही यंत्र घेतलं नसतं. घरची बी दुसऱ्याच्या युनिटवर फोडून घेतली असती आणि गर पुण्यातल्या सोसायटीत विकून बघितला असता. दुसऱ्यांदा मागायला कोण येतं, ते नोकरीत असतानाच कळू दे.

फेरफार :
सातबारा कोणाच्या नावावर?

कातळसडा :
वारसनोंद झालीय. बाबा, एक काका, तीन आत्या, आणि वारलेल्या काकांची चार मुलं, ती बडोद्याला असतात. एकूण नऊ नावं.

फेरफार :
वाटलंच. मग काजू आणि शेळ्या तूर्त बाजूला ठेवा. सामायिक जमीन तारण ठेवायची तर बँक सगळ्यांच्या सह्या मागेल. आणि बडोद्याचा फोन शेड बांधून धंदा चालायला लागला की येतो, त्याआधी येत नाही. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करा. एक जरी हिश्शावरून अडला तरी दिवाणी कोर्ट, तिथे तुमची दोन वर्षांची पुंजी पुरायची नाही. आत्या ‘सोडूनच देतील’ असं धरून चालू नका, त्यांचा हिस्सा आहे.

नवी जमीन घ्यायचं मनात आलं तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, नाहीतर कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. आणि गुंठ्यावर ‘फार्महाऊस प्लॉट’ विकणाऱ्यांच्या वाटेलाही जाऊ नका.

बोकडदादा :
शेळ्यांचं एवढंच : घाटावरून उस्मानाबादी आणून कोकणच्या पावसात उभी करू नका. कोकण कन्याळ जात बघा, दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा. मी आधी आणली, मग चौकशी केली.

मे_नंतर :
आमच्या हर्णैला दोन खोल्या आहेत. गिऱ्हाईक दिवाळी ते मे, तेही शनिवार-रविवार. जून ते सप्टेंबर गाद्यांना बुरशी आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलेलो. तुमचं गाव समुद्रापासून आत असेल तर पाहुणा म्हणजे राजापूरची गंगा, कधी अवतरेल सांगता यायचं नाही. कातळशिल्पं बघायला लोक येतात हल्ली, पण ती बघून मुक्काम तुमच्याकडेच का करतील, याला उत्तर हवं.

आणि दादा, एक विचारू? तुम्ही तीन धंदे लिहिलेत. वहिनींची नोकरी एका शब्दात उरकलीत. त्यांचं काय म्हणणं आहे?

कातळसडा :
बायकोला अख्खा धागा वाचायला दिला. बाकी सगळं मुकाट्याने वाचलं, शेवटच्या प्रश्नाला मोठ्याने हसली. मग दोन तास बोललो. तिला गावाचं वावडं नाही, पण गणपतीचे आठ दिवस सोडले तर ती तिथे राहिलेलीच नाही. मीही नाही, खरं तर.

मार्चचा राजीनामा रद्द. जून ते ऑगस्ट गावाहून काम करू द्या असं ऑफिसात मागितलंय, रेंज विहिरीच्या कठड्यावरच येते तेवढं सोडवायचंय. येत्या रविवारी थोरल्या आत्याकडे जातोय.

सोलणीवाले, यंदा आमची चारेक पोती बी निघेल. फोडून द्याल का?

सोलणीवाला :
आणा. पण नीट वाळवून आणा. ओली आणलीत तर त्याच गाडीने परत पाठवीन.