हृदयविकार आणि न परवडणारे उपचार : आपले अनुभव लिहावेत

हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मागितली, तर नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक पुष्कळदा धावून येतात. त्यानंतर आयुष्यभर लागणाऱ्या गोळ्यांसाठी आणि तपासण्यांसाठी मात्र दर महिन्याला कोणापुढे हात पसरणार? ज्यांनी या ओढाताणीत दिवस काढले आहेत, त्यांनी कोणती काटकसर निभावली आणि कोणती जिवावर बेतली, हे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

लहानपणी घसा सुजून ताप येई आणि पाठोपाठ सांधे दुखत. तो संधिवाताचा ताप होता, हे हृदयाची झडप आकसून दम लागू लागल्यावर कळले. वेळीच निदान होऊन दर ३ ते ४ आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळत राहिले असते, तर झडप कदाचित वाचली असती, याची हळहळ मला अजून वाटते. आता धातूची झडप असल्याने रक्त सहज गोठू न देणारी वॉरफरिन कायमची आहे. ही गोळी स्वस्त आहे. परवडत नाही ती रक्ताची तपासणी. माझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहावा लागतो. तो खाली गेला तर झडपेवर गुठळी होण्याचे भय आणि वर गेला तर रक्तस्रावाचे. म्हणून तपासणी लांबणीवर टाकण्यापेक्षा मी इतर खर्च लांबणीवर टाकते. वेगळी गोळी सुरू झाली की आयएनआर हलतो, त्यामुळे साध्या दुखण्यावरही परस्पर औषध घेत नाही.

*

माझ्या वडिलांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला होता. चिठ्ठीतल्या साऱ्या गोळ्या घेणे झेपेना, तेव्हा त्यांनी कोणाला न सांगता सर्वांत महागडी गोळी बंद केली आणि जीवनसत्त्वांची चालू ठेवली. बंद केलेली गोळी क्लोपिडोग्रेल होती. झटक्यानंतर ती अ‍ॅस्पिरिनच्या जोडीने साधारण वर्षभर घ्यायची असते, कारण नव्या स्टेंटमध्ये रक्त गोठू न देणे हेच तिचे काम. स्टेंट बंद पडला आणि त्यांना पुन्हा दाखल करावे लागले. पैसे पुरत नाहीत, हे डॉक्टरांसमोर उच्चारण्याचा त्यांना संकोच वाटला, एवढ्यावरून हे सारे घडले, याचे मला फार वाईट वाटते. पुढच्या भेटीत मी स्पष्ट विचारले, "यातली कोणती गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि कोणती वगळली तरी चालेल?" डॉक्टरांनी जीवनसत्त्वे खोडली, उरलेली औषधे जेनेरिक नावांनी लिहून दिली आणि खर्च आवाक्यात आला.

*

माझे हृदय अशक्त झाले आहे. वारंवार तपासणी परवडत नसल्याने घरचा वजनकाटा हाच माझा आधार आहे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहितो. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते अंगात साठलेले पाणी असते. घोट्यावर बोट दाबले की खळगा पडतो. अशा वेळी लघवीची गोळी किती वाढवायची, हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिले आहे. दम लागेपर्यंत थांबलो, तर दाखल होण्यावाचून गत्यंतर नसते.

*

वरील क्लोपिडोग्रेलच्या अनुभवाला जोडून लिहिते. हृदयाचे ठोके मंदावणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळीदेखील पैशांअभावी एकाएकी बंद करू नये. माझ्या यजमानांची गोळी मध्येच संपली, तेव्हा नाडी भरभर चालू लागून छातीतले दुखणे उलटले. ती थांबवायचीच असेल, तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. आता आठवड्याभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच मी पुढच्या पाकिटाच्या पैशांची तजवीज करते.