कमी कर भरणाऱ्या कंपनीचा शेअर जास्त परतावा देतो का?

वाणिज्य_विद्यार्थी: एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी मी निफ्टी ५०० मधील कंपन्यांचा आकार, कर्ज, नफाक्षमता आणि प्रभावी कर-दर यांचा शेअरच्या परताव्याशी असलेला संबंध तपासत आहे. करखर्चाला करपूर्व नफ्याने भागून येणारा हा प्रभावी दर २५ टक्क्यांच्या बराच खाली असेल, तर ती कंपनी कर टाळते असे मी गृहीत धरले आहे. हे गृहीतक टिकेल का, आणि अशा कंपनीच्या भागधारकाला खरोखरच अधिक मिळते का?

ताळेबंद: गृहीतक आहे तसे टिकणार नाही. सेझमधून (विशेष आर्थिक क्षेत्रातून) निर्यात करणाऱ्या आयटी कंपनीला किंवा मार्च २०१७ पर्यंत संशोधनखर्चावर २०० टक्के वजावट घेणाऱ्या औषध कंपनीला ही सवलत कायद्यानेच दिली होती. त्याला टाळाटाळ म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, जलद घसाऱ्यामुळे (यंत्रांची किंमत करहिशेबात लवकर खर्ची टाकल्यामुळे) चालू वर्षाचा कर कमी झाला, तरी करखर्चातला स्थगित कर (पुढे भरायचा म्हणून आजच धरलेला कर) तेवढाच वाढत असल्याने तुमच्या गुणोत्तरात तो फरक उमटतच नाही. कर्जाचेही तसेच आहे: व्याज करपूर्व नफ्यातून आधीच वजा झालेले असते, त्यामुळे कर्जामुळे वाचलेला कर या दरात दिसत नाही. म्हणून प्रत्यक्ष भरलेला कर रोख प्रवाह पत्रकातून घ्या आणि निदान पाच वर्षांची बेरीज करून दर काढा.

दलाल_स्ट्रीटचा_वाटसरू: परताव्याबद्दल सांगायचे, तर बाजार कराच्या पातळीपेक्षा त्यातील अनपेक्षित बदलाला दाद देतो. २० सप्टेंबर २०१९ रोजी सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा दर अधिभार व उपकरासह ३४.९४ वरून २५.१७ टक्क्यांवर येणार असे जाहीर झाले आणि सेन्सेक्स एका दिवसात १,९२१ अंकांनी चढला. पूर्ण दराने कर भरणाऱ्या वाहन कंपन्या आणि खासगी बँका उसळल्या. टीसीएस व इन्फोसिस मात्र त्याच दिवशी उतरल्या, कारण त्यांचा दर आधीच कमी होता. तुमच्या प्रकल्पाला याहून चांगला नैसर्गिक प्रयोग (संशोधकाने न घडवता आपोआप घडलेला बदल) मिळणे कठीण आहे.

वाणिज्य_विद्यार्थी: मग २०१९-२० चे आकडे इतर वर्षांबरोबर एकत्र घेता येतील का?

ताळेबंद: सरसकट नाही. दर उतरताच जुन्या स्थगित कर मालमत्तेचे (पुढे वाचेल म्हणून आधीच नोंदवलेल्या कराचे) मूल्यही घटले. आयसीआयसीआय बँकेने त्या सप्टेंबर तिमाहीत यापोटी सुमारे २,९२० कोटींचा एकवेळचा भार नोंदवला आणि निव्वळ नफा ६५५ कोटींवर आला. कमी कराची ही बातमी बँकेच्या भल्याचीच होती, पण केवळ गुणोत्तर पाहणाऱ्याला ती करांच्या ओझ्याखाली दबलेली वाटेल. शिवाय मॅट क्रेडिट (किमान पर्यायी करापोटी आधी भरलेला आणि पुढच्या करातून वळता करता येणारा कर) शिल्लक असलेल्या काही कंपन्या मुद्दाम जुन्याच पद्धतीत राहिल्या, कारण नवा दर निवडला की ते क्रेडिट बुडत होते. तेव्हा बँका वेगळ्या काढा, तोट्यातील कंपन्या गाळा, आणि वार्षिक अहवालात करखर्चाचा मेळ घालणारी जी टीप असते, तीत दर कोणत्या कारणाने घटला हे कंपनीगणिक नोंदवा. काम किचकट आहे, पण ते टाळून काढलेला सहसंबंध परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नात कोसळेल.