केमनच्या मागच्या चाकांना २७५ चे टायर: चालतात की चालवून घ्यायचे?

वळणवेडा
गाडी पोर्शे ७१८ केमन एस, डिश (चाकाची धातूची रिम) १९ इंची. कंपनीचा साइझ पुढे २३५/४० आर १९, मागे २६५/४० आर १९ (आधी रुंदी मिमीत, मग साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी डिशचा व्यास इंचांत). मागचे दोन गोटा व्हायच्या बेतात, पुढच्यांत अजून निम्मी नक्षी आहे. पुण्यात नाना पेठेत विचारलं तर २६५/४० एकतर मिळत नाही, नाहीतर जुन्या तारखेचा मिळतो. २७५/४० आर १९ मात्र लगेच मिळतो, कारण तो मस्टँग जीटीच्या परफॉर्मन्स पॅकचा मागचा साइझ. माझं मत, खुशाल बसवावा. १० मिमी रुंदी वाढते म्हणजे पकड वाढते, आणि आपल्या रस्त्यांना साइडवॉल थोडी उंच असलेली बरीच. विरोध जरूर करा, पण आकडे घेऊन. 'कंपनीने सांगितलंय' एवढ्यावर बोळवण नको.

व्हर्नियर
घ्या आकडे. १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी, त्यात दोन्ही बाजूंची साइडवॉल मिळवायची.

पुढे २३५/४०: ६७०.६ मिमी
मागे २६५/४०: ६९४.६ मिमी
मागे २७५/४०: ७०२.६ मिमी

मागचा व्यास १.१५ टक्के वाढला. एवढ्याने आभाळ कोसळत नाही. पण गाडीचा कॉम्प्युटर नुसता मागचा व्यास बघत नाही, पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर बघतो. ते १.०३६ होतं, आता १.०४८ झालं. एबीएस आणि पीएसएम (पोर्शेची गाडी घसरू न देणारी यंत्रणा) याच फरकावरून चाक सरकतंय का ते ठरवतात. सरळ रस्त्यावरही मागची चाकं अपेक्षेपेक्षा हळू फिरताहेत असं त्यांना दिसणार. कंपनीच्या तिन्ही संचांचं गणित करून बघा. १८ इंचीला हे गुणोत्तर १.०४०, १९ ला १.०३६, २० ला १.०३१. तुम्ही या पट्ट्याच्या बाहेर जाताय.

आणि दुकानदार 'मग २७५/३५ घ्या, उंची कमी होईल' म्हणाला तर चहा पिऊन निघा. तो ६७५.१ मिमीचा, म्हणजे मागचं चाक जवळपास पुढच्याएवढंच. गुणोत्तर १.००७. पीएसएमचा दिवा लुकलुकायला लागला की बिघाड शोधत बसाल आणि बिघाड कुठेच नसेल.

रबरपंथी
गणित बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. नवा टायर आणि १.६ मिमीपर्यंत झिजलेला टायर यांच्या व्यासात १२-१३ मिमीचा फरक पडतो. म्हणजे मागे कंपनीचेच नवे २६५ आणि पुढे झिजलेले २३५ असले तरी गुणोत्तर २७५ पेक्षाही जास्त हलतं. असल्या फरकांसाठी सॉफ्टवेअरमध्ये वाव ठेवलेला असतोच. आणि ही गाडी मागच्या चाकांवर चालणारी. करेरा ४ किंवा टीटी क्वाट्रोसारखी चारही चाकांवर चालणारी असती तर मीही नको म्हटलं असतं, कारण तिथे पुढचा-मागचा फरक क्लचच्या चकत्यांवर पडतो आणि त्या तापून खलास होतात.

तरीही गुणोत्तराची धास्ती असेल तर पुढेही एक पायरी वर जा. २४५/४० आर १९ म्हणजे ६७८.६ मिमी. ७०२.६ भागिले ६७८.६ म्हणजे १.०३५. कंपनीच्या आकड्याला जवळजवळ चिकटलं. पुढची डिश ८ जे (म्हणजे ८ इंच रुंद), मागची १० जे. २४५/४० ला ८ ते ९.५ चालते, २७५/४० ला ९ ते ११. सगळं मर्यादेत.

बाजीरावरोडी
म्हणजे मागचे दोन घ्यायला निघालेल्या माणसाला चार घ्यायला लावले. दुकान आहे का हो तुमचं?

रबरपंथी
नाही. पण आकडे मागितले होते, ते दिले.

टॉर्कपाना
व्यासावर भांडून झालं असेल तर जागेचं बघू, कारण टायर घासतो तो गुणोत्तराने नव्हे. २६५ चा टायर १० जे डिशवर प्रत्यक्षात साधारण २७६ मिमी भरतो, २७५ चा २८३ च्या आसपास. म्हणजे प्रत्येक बाजूला साडेतीन मिमी आणि वरच्या अंगाला ४ मिमी जागा जास्त लागणार. ब्रँडनुसार यात ४-५ मिमी इकडेतिकडे होतं. काहींना रिम वाचवायला जाड कड असते, ती वेगळी धरा.

तपासायचं असं. आधी आहे त्या टायरवरच मापं घ्या. मागे शॉकअब्सॉर्बरची नळी आणि टायरची आतली बाजू यांच्यात बोट नाही, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) किंवा ड्रिलचे दांडे घालून बघा. नवा टायर बसल्यावर आत निदान ६ मिमी उरले पाहिजेत. मडगार्डच्या बाजूला जास्त लागतात, कारण वळणावर टायर डिशवरून बाहेर झुकतो. मग एकच टायर बसवून घ्या, दुकानदाराला तसं आधीच सांगा. मुलांची खेळायची क्ले नळीवर आणि प्लास्टिकच्या लायनरवर बोटभर जाडीची थापा. त्या चाकाखाली आणि तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाखाली १०० मिमीचे लाकडी गुटके ठेवून गाडी हळूच वर चढवा, म्हणजे सस्पेन्शन दबेल. आत दोन माणसं बसलेली हवीत. उतरवून क्लेची उरलेली जाडी मोजा.

पुढचा साइझ बदलणार असाल तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, आणि रिव्हर्समध्येही. बरेच जण फक्त पुढे जाताना बघतात. घासण्याचा आवाज सोसायटीच्या पार्किंगमधून मागे निघताना येतो आणि मग मेकॅनिक बेअरिंग शोधत बसतो.

जागा कमी पडली म्हणून स्पेसर (डिश आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, यांच्यामधली चकती) सुचवतील. घेतलाच तर ७१.६ मिमीच्या हबवर घट्ट बसणारा घ्या आणि बोल्ट तेवढेच लांब घ्या. १४ मिमीचा बोल्ट, आटे दीड मिमीचे. निदान ८ पूर्ण फेरे गेले पाहिजेत. आवळणं १६० न्यूटन-मीटर, हाताच्या टॉर्क पान्याने. हवेच्या गनने नाही.

छत्रीवाला
जूनमध्ये हा धागा काढलात आणि पावसाबद्दल अवाक्षर नाही, कमाल आहे. रुंदी वाढली की पकड वाढते, हे अर्धसत्य. मागच्या एका चाकावर साधारण ४०० किलो येतात. हवा ३३ पौंड असेल तर रस्त्याला टेकणारा ठसा ढोबळमानाने १७० चौ. सेमीचा. टायर २६५ चा असो वा २७५ चा, हवा तीच तर क्षेत्रफळ तेच. फक्त ठसा आडवा आणि आखूड होतो. कोरड्या घाटात वळणावर त्याचा फायदा आहे, मान्य. साचलेल्या पाण्यात मात्र तोटा, कारण जास्त रुंदीचं पाणी कमी लांबीत बाजूला सारायचं असतं.

टायर कुठल्या वेगाला पाण्यावर तरंगायला लागतो, त्याचं नासाचं जुनं सूत्र आहे: पौंडांतल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले १६.७. ३३ पौंडांना ताशी ९६ किमी. एक्सप्रेसवेची सपाटीवरची मर्यादा १००. नवले पुलाचा उतार भर पावसात आठवा आणि मग ठरवा.

वळणवेडा
त्या सूत्रात रुंदी कुठे आहे? नुसता दाब आहे. तुमच्याच सूत्राने २६५ आणि २७५ दोन्ही ९६ लाच तरंगणार.

छत्रीवाला
बरोबर पकडलंत. ते सूत्र विमानांच्या टायरवर बेतलेलं. पुढे त्यात सुधारणा झाली आणि ठशाच्या रुंदी-लांबीचं प्रमाण त्यात आलं, कारण गाड्यांच्या टायरला नुसता दाब पुरत नाही. तरी कबूल करतो, १० मिमी रुंदीपेक्षा नक्षी ७ मिमी उरली आहे की ३, याने कितीतरी जास्त फरक पडतो. कायद्याची मर्यादा १.६ मिमी असली तरी पावसाळ्यात ३ च्या खाली या गाडीने घाट ओलांडू नये.

आता माझा खरा आक्षेप. मागे नवे रुंद, पुढे निम्मे झिजलेले. पाण्यात आधी पुढची चाकं सुटणार. मागची आधी सुटण्यापेक्षा ते बरं, हेही खरं. पण गाडी वळणात नाक बाहेर काढणार, आणि इंजिन मध्ये ठेवलेली गाडी घेतली ती काय यासाठी?

व्हर्नियर
भार-क्रमांकाचं कोणी बोललंच नाही. मागचा मूळ टायर ९८ वाय, म्हणजे ७५० किलो आणि ताशी ३०० किमी. २७५/४० साधा असेल तर १०१, जादा भाराचा असेल तर १०५. दोन्ही चालतात. उलटी चूक होते ती अशी: जादा भाराचा टायर आहे म्हणून हवा कमी ठेवली तरी चालेल, असा समज. साध्या टायरचा भार अडीच बारला मोजतात, जादा भाराचा २.९ बारला. त्यामुळे त्याच हवेला दोघंही साधारण सारखंच वजन पेलतात. हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे, थंड टायरला.

आणि वेग-अक्षर उतरवू नका. स्वस्तात व्ही मिळतो म्हणून वाय सोडला, हे या गाडीला शोभत नाही. पुण्यात २४० ने कुठे जायचंय, हा प्रश्न बरोबर. पण वेग-अक्षरामागे उष्णता सोसणारी बांधणी असते आणि एक्सप्रेसवेचं काँक्रीट मे महिन्यात काय तापतं ते सांगायला नको.

चावडीवकील
थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कडक अर्थाने वाचलं. चौकातला हवालदार साइडवॉल वाचत नाही. विम्याचा सर्व्हेअर वाचतो. एका पायरीच्या फरकावरून दावा फेटाळतीलच असं नाही, पण वाद घालायला मुद्दा आयता मिळतो. बसवण्याआधी विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. तोंडी 'चालतं हो' कुठल्याच टेबलावर चालत नाही.

'एन' खुणेच्या (पोर्शेने स्वतः मान्य केलेल्या) टायरची टंचाई का, तेही सांगतो. जून २०२० पासून नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'निर्बंधित' केली. शिवाय आयएसआय खूण सक्तीची. खपच कमी असलेल्या साइझसाठी परवान्याचा खटाटोप कोण करणार?

बाजीरावरोडी
खड्ड्यांचा मुद्दा हळूच गाडीखाली सरकवला गेला, तो बाहेर काढतो. मागची साइडवॉल १०६ ची ११० होणार. चार मिमी. चार मिमीने बाणेर-पाषाण रस्त्यावरचा खड्डा लहान होत नाही. फुगे येतात ते बहुतेक पुढच्या ९४ मिमीच्या साइडवॉलला, आणि मूळ प्रस्तावात पुढे काहीच बदल नाही. दुखतंय कुठे, मलम कुठे!

खड्ड्यांसाठीच करायचं तर खाली उतरा. साध्या ७१८ चा कंपनीचाच १८ इंची संच: पुढे २३५/४५, मागे २६५/४५. व्यास ६६८.७ आणि ६९५.७, १९ च्या दोन-एक मिमी अलीकडे-पलीकडे. पुढची साइडवॉल १०६ मिमी, जवळपास १२ ने जास्त. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या मेनूतही हा साइझ निवडता येतो. २७५ तिथे सापडणार नाही.

टॉर्कपाना
साइझ ठीक, पण डिश घेण्याआधी पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवर पुठ्ठ्याचा साचा धरा. एस चे ब्रेक आणि साध्या गाडीचे ब्रेक एकच समजू नका. साचा आणि डिशची आतली बाजू यांत ३ मिमी हवेत. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं तिथेच लागतात, ती विसरली तर पहिल्याच फेरीत कॅलिपर ती खरवडून काढतो.

रबरपंथी
१८ ची डिश, चार टायर, हवेचे सेन्सर. मला चारचा खर्च सांगितला म्हणून दुकानदार ठरवलं होतं ना?

वळणवेडा
पकडीचा मुद्दा मागे घेतो. खड्ड्यांचाही घेतो. नुसत्या मागच्या २७५ ला गुणोत्तराची हरकत मला अजूनही फार वाटत नाही, कारण झिजेचा मुद्दा कोणी खोडला नाही. पण विम्याच्या उत्तरावर सगळं अडलंय. आज ईमेल करतो. तोवर २६५/४० 'एन' खुणेत अलीकडच्या तारखेचा कोणाला दिसला तर कळवा.

व्हर्नियर
झिजेचा मुद्दा खोडतो. झीज रोज थोडी होते, सॉफ्टवेअर तिच्याबरोबर शिकत जातं, आणि नवे टायर घातले की गुणोत्तर मूळ जागी येतं. २७५ ने तुम्ही शून्याची खूणच सरकवता आणि झीज तिच्यावर वेगळी चढते. मागे नवे २७५ आणि पुढे तुमचे निम्मे झिजलेले २३५, व्यास ६ मिमीने कमी धरा: १.०५७. शक्य असेल तर हा आकडाही ईमेलमध्ये टाका, सर्व्हेअर निदान चकित होईल.

आणि तारीख बघताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघा. ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. आतल्या बाजूलाही बघा, बाहेरच्या बाजूला बऱ्याचदा ते नसतात.