शुद्धलेखन फोनमुळे बिघडलं, की बिघडलेलं होतंच ते आता दिसू लागलं?

वेलांटी
भाचीचा निरोप आला: ‘मी पन येनार’. तिला ‘ण’ नीट म्हणता येतो. विचारलं तर म्हणाली, ‘मावशी, ण शोधत कोण बसतं!’ गप्पांपुरतं ठीक, पण हेच आता अर्जांत आणि बातम्यांच्या मथळ्यांत दिसतं. ‘दीन’च्या जागी ‘दिन’ लिहिलं की गरिबाचा दिवस होतो, हे कुणाला खटकतच नाही. पूर्वी चुकीचं लिहिलेलं पत्र एकच माणूस वाचायचा. शेकडो लोक जे वाचायचे, ते मुद्रितशोधकाच्या हाताखालून गेलेलं असायचं. आता मधला तो माणूसच गेला. रोज चुकीचं वाचून डोळ्यांना तेच बरोबर वाटू लागतं.

पायमोडका त
असहमत. माझे आजोबा ‘कवि’, ‘नांव’, ‘कांहीं’ असं लिहायचे आणि ते शुद्ध होतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम आले आणि तेच अशुद्ध ठरलं. तेव्हा कुठे होता फोन? आणि लघुरूपांचं म्हणाल, तर ‘ओएमजी’ हे १९१७ साली ब्रिटिश अ‍ॅडमिरल फिशरने चर्चिलला लिहिलेल्या पत्रात सापडतं. २००९ मध्ये प्लेस्टर, वुड आणि जोशी यांनी १० ते १२ वर्षांच्या ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संदेशांत लघुरूपं जास्त वापरणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट थोडी पुढेच होती.
(शीर्षकात तुम्हीच ‘बिघडलं’ लिहिलंय. औपचारिक लेखनात ‘बिघडले’ हवं, नाही का?)

वेलांटी
शीर्षकाचं मान्य, बोलतेय म्हणून तसं लिहिलं. पण नियम बदलणं वेगळं आणि नियम ठाऊकच नसणं वेगळं. १९६२चा बदल चर्चा होऊन, लेखी झाला. ‘पन’ कुणी ठरवलं? त्या इंग्रज मुलांचंही तसंच. ‘ग्रेट’मधल्या ‘एट’साठी आठाचा आकडा टाकायचा तर त्या शब्दाचा उच्चार कानात पक्का हवा. तो ध्वनीशी खेळ आहे. ‘पन’मध्ये कसला खेळ?

अर्धा र
दोघंही यंत्राला सोडून माणसांना धरताय. जुन्या एसेमेसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरं मावायची, देवनागरी लिहिली की मर्यादा थेट ७० वर यायची, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जायच्या. मग लोक रोमनमध्ये मराठी लिहू लागले. रोमनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ कोण पाळतं? न आणि ण दोन्हींना एकच अक्षर. वर्षानुवर्षं तसं लिहिलेला हात देवनागरीत परतला तो या सवयी घेऊनच. माझं दुखणं तर ऱ्य. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. पण तो ऱ कीबोर्डवर कुठे दडलाय, हे कित्येकांना आजही सापडलेलं नाही. ‘दऱ्यां’चा ‘दर्या’ होतो तो यामुळेच.

पानी
माझं टोपणनाव मुद्दाम आहे. आमच्या घरात सगळे ‘पानी’च म्हणतात. शाळेत त्यावर वर्ग हसायचा, वहीत लाल गोल यायचा. लाल पेन नसलेली लिहायची पहिली जागा मला फोनवर मिळाली, म्हणून लिहू लागलो. तुम्ही बोट दाखवता तेव्हा आळस आणि बोली यांना एकाच काठीनं झोडपता.

वेलांटी
हे मला सुचलं नव्हतं. भाचीचा ‘पन’ आळसाचा आहे, तुमचा नाही. पण वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, त्याचं काय करायचं?

पानी
वाचणाऱ्यानं विचारावं. आधी हसू नये.

पायमोडका त
शिवाय फोनवर नियमच नाहीत असंही नाही. बहिणीला नुसतं ‘बरं’ आणि पुढे पूर्णविराम असं पाठवून बघा. लगेच उलट प्रश्न येतो: ‘चिडलास का?’ हा नियम कुठल्याच पुस्तकात नाही, तरी मोडला की सगळ्यांना कळतं.

वेलांटी
ते खरंय, माझ्याकडूनही झालंय. असो. आज भाचीनं नोकरीचा अर्ज तपासायला दिला. सगळे ‘ण’ जागच्या जागी! म्हणजे तिला येतं. फक्त ‘कामाची पद्धति’ असं लिहिलं होतं, वर ‘कीबोर्डनंच सुचवलं’ म्हणाली. हिंदीतून आलं असणार. मी ति दीर्घ करायला लावली.

पायमोडका त
आजोबा असते तर त्यांनी ती परत ऱ्हस्व केली असती.