कपाटात गेलेलं यंत्र मेलं म्हणून समजा! स्वयंपाकघरात उपकरणं हवीत तरी किती?

ओटाभर
परवा सुट्टी होती म्हणून स्वयंपाकघरातली वायर लोंबणारी झाडून सगळी उपकरणं ओट्यावर मांडली. फ्रिज सोडून अकरा भरली. रोज हात लागतो तो तिघांना: मिक्सर, इंडक्शन, किटली. मायक्रोवेव्ह आठवड्यातून चारदा. उरलेली सात नुसती धूळ खात होती. एअर फ्रायरच्या टोपलीखाली त्याचं वॉरंटी कार्ड सापडलं, कोरं. मुदत संपून चार महिने झालेत.

मग हट्टाला पेटून घड्याळ लावलं. तीन कांदे सुरीने बारीक चिरायला मला साडेचार मिनिटं लागली. फूड प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष फिरवायला वीस सेकंद. पण तो खालच्या कपाटातून ओढून काढायचा, भांडं खटका वाजेपर्यंत फिरवायचं (पहिल्या फटक्यात बसलं तर शपथ), नंतर पातं, झाकण, दट्ट्या, भांडं धुवायचं, पात्याच्या मधल्या पोकळ नळीत घुसलेला कांदा काडीने कोरून काढायचा, पुसायचं, परत आत कोंबायचं. अकरा मिनिटं! आणि हाती काय, तर अर्धा लगदा आणि वर तरंगणारे दोन अख्खे तुकडे.

माझं म्हणणं एवढंच की घेताना आपण यंत्र काय काय करतं ते बघतो, ते धुवायला किती वेळ जाणार आणि राहणार कुठे हे बघतच नाही. ओट्यावर कायमची जागा नसेल तर घेऊच नये. ‘एकात दहा कामं’वाली तर मुळीच नकोत. चार उपकरणांत घर मजेत चालतं. बोला.

सावकाश
तीन कांद्यांना साडेचार मिनिटं? चिरत होतात की त्यांची समजूत काढत होतात?

मनगट
साफ असहमत. तुमची साडेचार मिनिटं तुमच्या हाताची आहेत. मला संधिवात आहे. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की सुरी धरली तरी दाब देता येत नाही, बरणीचं झाकण तर दुसऱ्या कुणाकडून उघडून घ्यावं लागतं. फूड प्रोसेसर आला नसता तर मी स्वयंपाकच सोडला असता. त्यात माझा वेळ वाचत नाही हे मान्य, तुमच्याइतकाच जातो. पण दुखणं वाचतं, आणि ते तुमच्या घड्याळात दिसत नाही.

दुसरं म्हणजे तुमचा प्रोसेसर खालच्या कपाटात आहे. वाकून, मागची दोन पातेली सरकवून काढावा लागणारी कुठलीही वस्तू कोण वापरेल? आठ दिवस ओट्यावर ठेवून बघा आणि मग त्याला मेला म्हणा.

उकळी
ओटाभर यांच्या यादीत इंडक्शन पहिल्या तिघांत आहे हे बघून बरं वाटलं. दोन लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ६२८ किलोज्यूल, म्हणजे जेमतेम ०.१७ युनिट ऊर्जा लागते. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ०.२ युनिट, आणि २००० वॉटवर सहा मिनिटांत काम तमाम. कारण उष्णता शेगडीत नाही, भांड्याच्या बुडातच तयार होते. काचेखालच्या कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतं, त्याने बुडात भोवरे प्रवाह, म्हणजे गोल गोल फिरणारी वीज, तयार होतात आणि बूड तापतं. गॅसवर बरीचशी आच भांड्याच्या कडेने वर निघून जाते, ती तुम्हाला घाम फोडते. शिवाय ज्योत म्हटली की नायट्रोजन डायऑक्साइड हा छातीला त्रासदायक वायू आला. खिडकी बंद ठेवून तास तास गॅस पेटवणाऱ्यांनी निदान चिमणी तरी लावावी.

कढत
हो, आणि घरातली निम्मी भांडी बाहेर काढा हेही सांगा ना! ॲल्युमिनियम चालत नाही, तांबं चालत नाही, गोल बुडाची कढई तर नाहीच. बुडाला चुंबक नीट चिकटला तरच भांडं कामाचं.

आणि मंद आचेचं काय? माझ्या इंडक्शनवर दूध ठेवून बघा. सगळ्यात कमी आकड्यावरही तो थोडा वेळ पूर्ण जोरात चालतो, मग गप्प बसतो, परत जोरात. काचेवर कान नेलात तर गुंss, शांत, गुंss असं ऐकू येतं. दूध तसंच हप्त्याहप्त्याने वर येतं आणि तुम्ही पाठ फिरवलीत की नेमक्या चालू हप्त्यात ओट्यावर. ज्योत मला दिसते. डोळ्याने आच कमी-जास्त करायची सवय एका बटणासाठी मोडायला मी तयार नाही. वीज गेली की तर विषयच संपला.

उकळी
@कढत, हा इंडक्शनचा दोष नाही, स्वस्त इंडक्शनचा आहे. चांगल्या शेगड्या कमी शक्तीवरही सलग चालतात. घेण्याआधी दुकानात पातेलंभर पाणी ठेवून सगळ्यात खालचा आकडा लावा. बुडबुडे सलग आले तर घ्या, थांबून थांबून आले तर पुढचं मॉडेल बघा. विजेचं मात्र मान्य. एक गॅस बर्नर मीही ठेवलाय.

पेचकस
ही यंत्रं दुरुस्त करण्यावर माझं पोट आहे, म्हणून थोडं लांबेल.

मिक्सर ‘जळला’ म्हणून लोक घेऊन येतात. उलटा करतो, बुडाशी एक छोटं लाल बटण असतं ते दाबतो, सुरू होतो. जास्त ताण आला की मोटर वाचवायला ते आपोआप उडतं, माहितीपुस्तिकेत लिहिलेलंही असतं. दुसरं गिऱ्हाईक कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा, तुटल्याचं. तो तुटायलाच बनवलेला असतो हो, म्हणजे पातं अडकलं की रबराचा तुकडा जातो आणि मोटर राहते. तिसरं कार्बन ब्रशचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या छोट्या कांड्यांचं. झिजतात, बदलायचे, दहा मिनिटांचं काम. यातलं काहीही यंत्र फेकून देण्याचं कारण नाही, पण निम्मी यंत्रं याच कारणांनी भंगारात जातात.

खरी मरतात ती टच पॅनेलवाली. वाफ आत शिरते, तेलकट थर बसतो, आणि उबेला झुरळं येतात. सर्किट बोर्डावर झुरळांचं अख्खं कुटुंब मी दर महिन्याला बघतो. फिरवायची कळ असलेलं यंत्र पंधरा वर्षांनीही उघडून साफ करता येतं. बोर्ड गेला आणि कंपनीने ते मॉडेल बंद केलं असेल तर माझ्याही हातात काही नसतं. युरोपीय संघाने २०२१ पासून फ्रिजचे ठरावीक सुटे भाग किमान ७ वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम केलाय, तो उगाच नाही. घेताना यंत्राचा रंग बघता तसं विचारा की कपलर, रबरी गॅस्केट, बोर्ड सुटं मिळतं का आणि किती वर्षं मिळेल. विक्रेत्याने छताकडे बघितलं की उठा.

एक ताकीद. मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. प्लग काढला तरी आतला वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला असू शकतो, तिथे हजारो व्होल्टचा मामला असतो. आणि २००० वॉटचं काही घेणार असाल तर आधी भिंतीकडे बघा. २३० व्होल्टला ते जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डावर किटली आणि इंडक्शन एकत्र लावलेली घरं मी वासावरून ओळखतो.

@ओटाभर, बाकी चालू द्या, पण सुरीला शेवटची धार कधी लावली होती?

सावकाश
झुरळांचं कुटुंब वाचलं आणि मायक्रोवेव्हमधला चहा तसाच ठेवला.

एकच_कळ
पेचकस यांना +१००. माझा नमुना राइस कुकर. तोशिबाने १९५५ मध्ये स्वयंचलित राइस कुकर बाजारात आणला. आजही साध्या कुकरला एक खाली दाबायची कळ असते, बाकी काही नाही. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. तांदळाने पाणी शोषलं की बूड तापायला लागतं. साधारण १०३ अंशांना बुडाखालच्या खास मिश्रधातूचं चुंबकत्वच जातं, स्प्रिंग सुटते आणि टक्! कळ वर. चिप नाही, ॲप नाही. त्या ‘टक्’वर माझी गाढ श्रद्धा आहे.

‘एकात दहा’वाल्या इलेक्ट्रिक कुकरच्या पडद्यावर मात्र ‘१० मिनिटं’ असतं, ती दाब तयार झाल्यानंतरची. आधी तापायला वेगळा वेळ, नंतर दाब उतरायला वेगळा. भुकेला माणूस पहिल्या दिवशी हमखास फसतो.

दोन_पाळ्या
चार उपकरणांच्या यादीत डिशवॉशर नाही? ओटाभर, एक खासगी प्रश्न विचारते, राग मानू नका. तुमच्याकडे भांडी कोण घासतं?

पूर्ण भरलेला डिशवॉशर इको प्रोग्रॅमवर साधारण दहा लिटर पाण्यात सगळं उरकतो. नळ मिनिटाला सहा लिटर सोडत असेल आणि तुम्ही तो दहाच मिनिटं चालू ठेवलात तर साठ लिटर गेले. इको प्रोग्रॅमला तीन-साडेतीन तास लागतात म्हणून लोक नाकं मुरडतात, पण तो वेळ तुमचा नसतो. विजेचा मोठा खर्च पाणी तापवण्यात होतो, म्हणून तो पाणी कमी तापवतो आणि भांडी जास्त वेळ भिजवतो. आणि कृपा करून भांडी आधी नळाखाली विसळून आत ठेवू नका, खरकटं झटकलं की पुरे. विसळायचीच असतील तर यंत्र कशाला घेतलंत?

जुनी_पानं
डिशवॉशरचं पेटंट १८८६ मध्ये जोसेफिन कॉक्रन या अमेरिकन बाईंनी घेतलं. त्या स्वतः भांडी घासत नव्हत्या. नोकरांच्या हातून महागड्या चिनी मातीच्या बश्यांचे टवके उडत होते, हे त्यांचं दुखणं. म्हणजे यंत्राची सुरुवातही कष्टाच्या नव्हे तर बश्यांच्या काळजीतून!

ओटाभर यांच्या बाजूने एक मुद्दा. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं की घरगुती यंत्रांनी कष्ट हलके केले, पण घरातल्या बाईचा वेळ म्हणावा तसा मोकळा केला नाही. पूर्वी जी कामं पुरुष, मुलं, नोकर मिळून करत ती यंत्र आल्यावर तिच्या एकटीवर आली, आणि नीटनेटकेपणाच्या अपेक्षाही वाढल्या.

दोन_पाळ्या
@जुनी_पानं, ते यंत्राचं पाप नाही, घरातल्यांचं आहे. आमच्याकडे डिशवॉशर मुलगा भरतो आणि नवरा रिकामा करतो. घासायला दोघांपैकी एकही उभा राहत नव्हता.

कुरकुरीत
एअर फ्रायरची बाजू कुणी घेणार नाही असं दिसतंय म्हणून मी. नाव फसवं आहे, त्यात तळलं काहीच जात नाही. २०१० मध्ये फिलिप्सने या नावाने तो आणला आणि नाव चिकटलं. मुळात ती जोरदार पंख्याची छोटी भट्टी आहे. पण लहान असल्यामुळेच लवकर तापते, एका माणसाच्या जेवणासाठी मोठा ओव्हन कोण पेटवणार? लोक टोपली काठोकाठ भरतात आणि मग म्हणतात बटाटे मऊ राहिले. हवा फिरायला जागा नको?

कढत
आणि टोपलीचा नॉनस्टिक थर? तारेच्या घासणीने वर्षभरात निघतो.

कुरकुरीत
तारेची घासणी लावल्यावर माझीही कातडी निघेल. गरम पाण्यात भिजवा, मऊ स्पंजने पुसा.

हिशेबी
मायक्रोवेव्हवरच्या ‘फुकट’ घड्याळाचाही हिशेब मांडा. जुना मायक्रोवेव्ह नुसता लावून ठेवला तर ३ वॉट खातो असं धरू. वर्षाला २६ युनिट. आता रोज दोन मिनिटं १२०० वॉटने काही गरम केलं तर वर्षाचे होतात साडेचौदा. म्हणजे जेवण गरम करण्यापेक्षा वेळ दाखवण्यावर वीज जास्त. आणि तो वेळही बहुतेक घरांत चुकीचाच असतो. भिंतीवरचं बटण बंद करत जा.

ओटाभर
उशिरा लिहितोय, कारण मनगट यांनी दिलेला गृहपाठ करत होतो. फूड प्रोसेसर आठ दिवस ओट्यावर ठेवला. पाचदा वापरला गेला, त्यातला तीनदा आईने. तिची बोटंही सकाळी आखडतात हे या निमित्ताने कळलं, आजवर बोलली नव्हती. तेव्हा ‘चार उपकरणं’ हा आकडा मी मागे घेतो. ओट्यावर जागा हवी हे मात्र सोडत नाही. प्रोसेसरसाठी टोस्टर हलवावा लागला, तो आता खालच्या कपाटात आहे आणि तीन दिवसांत त्याची कुणी आठवण काढलेली नाही.

@दोन_पाळ्या, भांडी बायको आणि मी आलटून पालटून घासतो. ‘आलटून पालटून’ या शब्दांवर बायको आत्ता मागे उभी राहून हसली, ती नोंदही करतो.

पेचकस
सुरीचं उत्तर आलं नाही.

ओटाभर
लावली धार. तीन कांदे, दोन मिनिटं दहा सेकंद.