सहाव्या कोर्टचे मोल
पहिल्या क्रमांकाचा खेळाडू भक्कम असला की महाविद्यालयीन टेनिस संघ निम्मी लढाई जिंकल्यातच जमा असतो, हे मत अमेरिकेतील एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या स्पर्धांपुरते तरी मला पटत नाही. भारताचा टेनिसपटू सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे एकेरीचे विजेतेपद मिळवले. त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाला एनसीएएचे सांघिक विजेतेपद मात्र पहिल्यांदा मिळाले ते २०१३ मध्ये. लढतीची रचनाच तशी आहे. दुहेरीच्या तीन सामन्यांपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण, त्यानंतर एकेरीच्या सहा सामन्यांना प्रत्येकी एक, आणि चार गुण आधी मिळवील तो संघ विजयी. म्हणजे संघातला सहाव्या क्रमांकाचा खेळाडू खेळतो त्या सहाव्या कोर्टवरच्या, प्रेक्षक ज्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत अशा विजयाचे मोल पहिल्या कोर्टइतकेच. बलाबलानुसारच क्रम लावण्याचे बंधन असल्यामुळे तगड्या खेळाडूला मुद्दाम खाली खेळवण्याची पळवाटही प्रशिक्षकाला नसते. त्याचा हंगामभर खरा कस लागतो तो खालची फळी घडवण्यात आणि दुहेरीच्या जोड्या जुळवण्यात. त्यातच ४०-४० झाल्यावर एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो आणि सर्व्हिस कोणत्या बाजूने घ्यायची हे ती परतवणारा ठरवतो. सरावात नेमका हाच प्रसंग पुन्हापुन्हा घोटून घेणारा प्रशिक्षक मला नुसते फोरहँड सुधारत बसणाऱ्यापेक्षा अधिक जाणता वाटतो.